उत्तर: उल्का परत अवकाशात कशी जाते?
वर कोणीतरी म्हटलंय की उल्का हवेवर आपटून चेंडूसारखी उसळते, तर तसं नाहीये हो. ती पातळ हवेतून तिरपी घासत जाते, थोडा वेग गमावते, पण सेकंदाला ११.२ किमीपेक्षा जास्त उरला तर पृथ्वी तिला धरून ठेवूच शकत नाही, बस. १० ऑगस्ट १९७२ची बघा, अमेरिकेतल्या यूटावरून कॅनडाकडे गेली, सेकंदाला साधारण १५ किमी वेगाने, जमिनीपासून जेमतेम ५७ किमीवर, आणि तेही भर दिवसा, एका पर्यटकाने तर चक्क फिल्मवर घेतली! आमच्या गोव्यात ऑगस्टात असलं काही गेलं तर ढगांपायी दिसेल तर शप्पथ, मिरामारला छत्री सांभाळत बसा. १९९०ला चेकोस्लोव्हाकिया-पोलंडवरून गेलेली मात्र ९८ किमीवरून, म्हणजे नुसती शिवून गेली.