४० हजार नोंदींचा संग्रह वाचकासमोर कसा मांडावा?

जुनीपाने:
आमच्या ग्रंथालयातील जुन्या मराठी पुस्तकांच्या सुमारे ४० हजार स्कॅन केलेल्या नोंदी संकेतस्थळावर ठेवायच्या आहेत. शोधाची सोय आहेच, परंतु काय शोधायचे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला तिचा उपयोग होत नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकाचा एक ठिपका आणि आशयाने जवळची पुस्तके शेजारी-शेजारी, असा नकाशा यूमॅप (साम्यावरून नोंदींना सपाट नकाशावर जागा देणारी संगणकीय पद्धत) वापरून केला. तो देखणा दिसतो, पण ब्राउझर अडखळतो आणि वाचक दोन-चार ठिपके उघडून निघून जातात. काय बदलावे?

अक्षरजाळे:
ठिपके एसव्हीजीमध्ये (वेबपानावर आकृत्या काढण्याचा एक प्रकार) काढले असतील, तर प्रत्येक ठिपका हा पानातला स्वतंत्र घटक ठरतो आणि काही हजारांपुढे ब्राउझरला तो भार पेलत नाही. त्याऐवजी सगळे ठिपके एकाच चित्रात रंगवणारे कॅनव्हास किंवा वेबजीएल वापरावे.

तळटीप:
वेग वाढल्याने वाचक थांबतील, असे मला वाटत नाही. यूमॅपच्या नकाशात आडव्या-उभ्या अक्षांना स्वतःचा अर्थ नसतो आणि दूरच्या दोन पुंजक्यांमधील अंतरही भरवशाचे नसते; मग वाचकाने सुरुवात कोठून करावी? आधी आढावा, मग जवळून पाहणे व गाळणे आणि मागितल्यावरच तपशील, हा संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये मांडलेला क्रम येथे तंतोतंत लागू पडतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१६ मध्ये १ लाख ८० हजारांहून अधिक प्रतिमा खुल्या केल्या, तेव्हा त्या शतक, प्रकार, संग्रह आणि रंग यांनुसार लावून दाखवल्या. शतक कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. आपण दशकवार स्तंभ द्यावेत, त्यांतील काही दशके निवडताच प्रत्येक विषयापुढील पुस्तकांचे आकडे बदलावेत, आणि ज्या विषयाचा आकडा शून्यावर येईल तो लपवण्याऐवजी फिका करावा, कारण त्या काळात काय छापले गेले नाही (निदान आपल्या संग्रहात आले नाही) हेही वाचकाला दिसले पाहिजे. नकाशा हवाच असेल, तर तो निवडलेल्या दोन-तीनशे पुस्तकांपुरता ठेवावा.

जुनीपाने:
पटले. मात्र अनेक पुस्तकांवर केवळ शक छापलेला आहे, तर काहींवर सालच नाही.

तळटीप:
शकाचे इसवी साल करताना सरसकट ७८ मिळवून मोकळे होऊ नये. शके १८११ हे वर्ष १८८९ च्या चैत्रात सुरू होऊन १८९० मध्ये संपते, म्हणजे महिना छापलेला नसेल तर दशकच निश्चित होत नाही. अशा नोंदीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी दोन साले द्यावीत आणि ती नोंद दोन्ही दशकांच्या स्तंभांत फिक्या रंगाने दाखवावी. साल नसलेल्या पुस्तकांना शेवटी वेगळा स्तंभ द्यावा. ती गाळली, तर वाचकाला ती कधीच सापडणार नाहीत.