मदत हवी आहे: नवी नोकरी, 'घरी कोण कोण असतं?' हा प्रश्न आणि आम्ही दोघे

दोघेजण

नमस्कार. आम्ही दोघे पुरुष, सहा वर्षं एकत्र राहतो. घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना माहीत आहे. तीन आठवड्यांनी मी नव्या ऑफिसात रुजू होतोय. जुन्या ठिकाणी सगळ्यांना ठाऊक होतं, आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जोडीदार शाळेत शिकवतो. त्याच्याकडे कुणालाही माहीत नाही आणि सध्या कळू नये अशी त्याची इच्छा आहे.

अडचणी अशा: 'लग्न झालंय का?' याला पहिल्याच दिवशी काय उत्तर द्यायचं? फॉर्मवर त्याचं नाव कुठे आणि कसं लिहायचं? रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं, त्याचं काय करायचं? शिवाय रुजू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात ऑफिसचं कौटुंबिक संमेलन आहे. धीर देणारे प्रतिसाद नकोत असं नाही, पण नेमकं काय करायचं ते कळलं तर जास्त बरं.

मधलीसुट्टी

पहिला प्रश्न आधी घेते, बाकीची बरीच धडधड त्यातूनच येतेय.

मराठीत बोलणाऱ्याची पंचाईत अशी की क्रियापदच चुगली करतं. 'आला', 'म्हणाला', 'विसरला' असं एक जरी निसटलं की समोरच्याला कळतं. ते टाळायला माणसं 'तो'च्या जागी 'ती' घालतात. हे कधीही करू नका. एकदा 'ती' म्हटलं की तिचं नाव, तिचं माहेर, तिची नोकरी असा सगळा संसार उभा करावा लागतो आणि कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं. पुढे खरं कळतं तेव्हा एरवी ज्यांना काहीच वाटलं नसतं तेही दुखावतात, कारण तोवर त्यांच्याशी खोटं बोलून झालेलं असतं.

त्यापेक्षा 'आम्ही' वापरा. 'आम्ही शनिवारी बाहेर गेलो होतो', 'घरून फोन होता', 'आमच्याकडे सकाळी सगळं लवकर सुरू होतं'. यात खोटं काही नाही, त्यामुळे नंतर मागे घ्यावं लागत नाही. लग्नाच्या प्रश्नाला: 'लग्न नाही, पण आम्ही दोघे सहा वर्षं एकत्र आहोत. तुम्ही इथे किती वर्षं आहात?' उत्तर दोन वाक्यांत संपवायचं आणि लगेच प्रश्न विचारायचा. 'दोघे' हा शब्द स्त्री-पुरुषाच्या जोडीलाही चालतो, तो तुमच्या पथ्यावर पडेल. (दोन बायका असतील तर 'दोघी' म्हणताच उलगडा होतो, त्यांनी नुसत्या 'आम्ही'वर थांबावं.)

'मित्र' आणि 'रूममेट' हे शब्द मात्र टाळा. ते एकदा म्हटलं की खोडायला फार कष्ट पडतात. 'पार्टनर' म्हटलं की कुणीतरी 'कसला बिझनेस?' विचारतंच. 'जोडीदार' स्वच्छ आहे.

आता खरं सांगायचं ठरवलं तर. हमखास होणारी चूक म्हणजे प्रस्तावना. 'तुम्हाला एक सांगायचं होतं, गैरसमज करून घेऊ नका...' असं सुरू केलं की ऐकणारा काहीतरी गंभीर ऐकायच्या तयारीत बसतो आणि त्याच चेहऱ्याने ऐकतो. सोमवारी सकाळी कुणी 'सुट्टी कशी गेली?' विचारलं तर एवढंच म्हणा: 'माझा जोडीदार आणि मी दिवसभर कपाट जोडत बसलो. त्याने दोन फळ्या उलट्या लावल्या, सगळं पुन्हा उघडावं लागलं.' सांगायचं ते 'त्याने'ने सांगून टाकलं, आणि समोरच्याला बोलायला कपाट आहे! ज्याला अवघडल्यासारखं होईल तोसुद्धा फळ्यांबद्दल चार शब्द बोलू शकतो. 'त्याने' म्हणून थांबून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसू नका, वाक्य शेवटपर्यंत न्या.

माझ्या मते पहिले दोन आठवडे 'आम्ही'वर काढा आणि कान उघडे ठेवा. जेवणाच्या सुट्टीत बायकांवर, जाडेपणावर, बोलण्याच्या लकबीवर विनोद होतात का, आणि झाले की कोण हसत नाही? जो हसत नाही त्याला आधी सांगा.

नीरक्षीर

मधलीसुट्टी यांच्याशी शब्दांबाबत सहमत, दोन आठवडे थांबण्याबाबत असहमत. जिथे कायद्याचा किंवा नोकरी जाण्याचा धोका नाही तिथे पहिल्याच आठवड्यात ओघात आलेलं बरं. तेव्हा सगळेच एकमेकांना नवीन असतात, त्यामुळे ही बाकीच्या दहा गोष्टींसारखी एक होऊन जाते. दोन महिन्यांनी तेच वाक्य गौप्यस्फोट वाटतं.

पण तुमच्या प्रकरणात वेळेपेक्षा मोठा मुद्दा जोडीदाराचा आहे. तुम्ही स्वतःबद्दल सांगता तेव्हा त्याच्याबद्दलही सांगून होतं. म्हणून रुजू होण्याआधी दोघांनी कागद घेऊन बसा आणि एकेक गोष्ट ठरवा: त्याचं नाव सांगायचं का, पेशा सांगायचा का, शाळेचं नाव, आपण राहतो तो भाग, त्याचा फोटो. प्रत्येकापुढे 'चालेल', 'विचारून' किंवा 'नाही'. 'बघू तेव्हाचं तेव्हा' असं सोडलं तर तो निर्णय गडबडीत एकटे तुम्ही घेता आणि रात्री घरी भांडण होतं. ज्याला सांगाल त्याला हेही सांगा: 'हे गुपित नाही, पण त्याच्या कामाच्या ठिकाणी माहीत नाही, म्हणून फोटो कुठे टाकू नका.' बहुतेकजण पाळतात, पण सांगितलं तरच. न सांगता पाळावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

फॉर्मचं. आपत्कालीन संपर्क, नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे नॉमिनी आणि विम्यातले अवलंबित हे तीन वेगळे रकाने आहेत, त्यांची गल्लत करू नका. आपत्कालीन संपर्कात त्याचं नाव बिनधास्त घाला, नात्याच्या रकान्यात 'जोडीदार' लिहा. तेही नको असेल तर 'एकाच घरात राहणारे' लिहा. इथे भाऊ किंवा चुलतभाऊ मात्र लिहू नका, दवाखान्यात पोचल्यावर तेच खोटं त्याच्या अंगाशी येतं. नॉमिनी कोण होऊ शकतो हे देशागणिक आणि योजनेगणिक बदलतं. विम्यासाठी पूर्ण पॉलिसीची प्रत मागा आणि व्याख्यांचं पान वाचा. तिथे 'विवाहित पती किंवा पत्नी' एवढंच आहे की 'एकत्र राहणारा जोडीदार'ही आहे, त्यावर सगळं ठरतं. मेलमध्ये स्वतःचं काही न सांगता विचारता येतं: 'अवलंबितांच्या व्याख्येत कोण कोण येतं, कृपया लेखी कळवावं.' अवलंबितांची नावं देण्याची मुदत बहुधा रुजू झाल्यापासून मोजतात आणि ती थोडी असते, म्हणून हे पहिल्याच आठवड्यात करा.

अजून एक. कर्मचारी पोर्टलवर भरलेली माहिती कुणाकुणाला दिसते ते एचआरला विचारा. काही ठिकाणी वरिष्ठाला आपत्कालीन संपर्क दिसतो.

फोन आणि लॅपटॉप ही खरी गळकी ठिकाणं. लॉकस्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नुसतं 'नवीन मेसेज' दिसलं तरी पुरतं. ऑनलाइन मीटिंगमध्ये पूर्ण स्क्रीन दाखवू नका, एकच खिडकी दाखवा, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर खासगी व्हॉट्सॅप उघडूच नका. इन्स्टाग्राम-फेसबुकला फोनमधले संपर्क वाचायची परवानगी दोघांच्याही फोनमध्ये काढून टाका. नाहीतर तुमचा नवा सहकारी त्याला 'ओळखीचे लोक' म्हणून दिसू लागतो, आणि याच वाटेने तुमच्या ऑफिसातली गोष्ट त्याच्या शाळेपर्यंत पोचते. जुन्या फोटोंवरचे टॅगही बघा.

कामानिमित्त परदेशी प्रवास असेल तर होकार देण्याआधी देशांची यादी मागा. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे ६० हून अधिक देश आजही आहेत.

पायवाट

धडधडीबद्दल लिहितो.

नव्या नोकरीची धाकधूक सगळ्यांना असते. तुम्हाला त्यावर आणखी एक ओझं आहे, सतत पहारा देण्याचं. कोण काय म्हणालं, कुणाला काय माहीत, आत्ता काय निसटलं. इलान मायर या संशोधकाने २००३ मध्ये याची नीट मांडणी केली: अल्पसंख्य लैंगिकतेच्या माणसांवर रोजच्या ताणाव्यतिरिक्त नकाराची अपेक्षा आणि लपवण्याचे श्रम यांचा वेगळा ताण असतो. म्हणजे संध्याकाळी तुम्ही बाकीच्यांपेक्षा जास्त थकलात तर तो तुमचा कमकुवतपणा नाही, पहारा देणं हे अंगमेहनतीइतकंच खरं काम आहे. पहिला महिनाभर आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी रिकाम्या ठेवा.

वरची दोन-तीन वाक्यं (लग्नाचं, कपाटाचं) मनात ठेवू नका, मोठ्याने म्हणा. जोडीदाराने प्रश्न विचारायचा, तुम्ही उत्तर द्यायचं, रोज दहा वेळा, आठवडाभर. ताणात डोक्यात नवीन वाक्य जुळत नाही, तोंडात बसलेलं मात्र बाहेर येतं. निम्म्या वेळा त्याने आगाऊ प्रश्न विचारावेत: 'मग लग्न का नाही केलं?', 'मुलंबाळं?' त्यावरचं उत्तर ठरवून ठेवा: 'ते घरचं आहे, त्यावर नंतर कधीतरी.' हे हसून म्हणता येतं का ते बघा.

श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, मिनिटाला सहा, पाच मिनिटं. फसतं ते इथे, की घाबरलेला माणूस भराभर मोठे श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. श्वास मोठा करू नका, हळू करा, भर बाहेर सोडण्यावर द्या. गुदमरल्यासारखं वाटलं तर नेहमीच्या लयीवर या आणि दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करा.

दाराशी पोचल्यावर 'शांत हो' म्हणून काही होत नाही. एलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत 'मी उत्सुक आहे' असं म्हणणाऱ्यांचं गाणं, भाषण आणि गणित स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. धडधडणारं शरीर एकदम शांततेकडे वळत नाही, उत्सुकतेकडे वळतं, ते जवळ आहे.

झोपेसाठी: दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पंधरा मिनिटं घड्याळ लावून काळज्या कागदावर उतरवा, अंथरुणात नाही. त्यातल्या ज्या कामं आहेत त्यांच्यापुढे वार लिहा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप मोडत राहिली किंवा भीतीचे झटके पुन्हा पुन्हा आले तर समुपदेशक गाठा. जीव नकोसा होण्याचे विचार आले तर त्याच दिवशी. पहिल्या फोनवरच विचारा: 'समलिंगी जोडप्यांसोबत काम केलं आहे का?' 'हे बदलता येतं' अशी भाषा आली की तिथेच फोन ठेवा. जागतिक आरोग्य सभेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळलं आहे, त्यामुळे तिथे बरं करण्यासारखं काही नाहीच.

दोघेजण

खूप आभार. कागदाचा उपाय आजच करतो. संमेलनाचं कुणी सांगाल का? तो यायला तयार आहे, पण फोटो निघतील म्हणून धास्तावलाय. आणि खरं सांगायचं तर गेली काही वर्षं आम्ही दोघेच दोघांना पुरतो, नवे मित्र होतच नाहीत.

ओसरी

संमेलनापासून सुरू करते. फोटो कोण काढणार, कुठे लावणार हे आधी आयोजकांना विचारा. 'माझ्या जोडीदाराला ऑनलाइन फोटो नको आहेत' एवढंच सांगा, कारण देऊ नका. समूहफोटोच्या वेळी त्याने कॅमेरा स्वतः हातात घ्यावा, हा सोपा मार्ग आहे. इतकं करूनही त्याला धास्ती वाटत असेल तर या वेळी त्याने येऊ नये. त्याने मन मारून आलेलं समोरच्यांनाही दिसतं.

ओळख करून देताना नाव, नातं आणि लगेच एक धागा: 'हा अमुक, माझा जोडीदार. तुमच्यासारखाच पक्षी बघत हिंडतो.' नात्यावर थांबलात तर शांतता पसरते. ती सगळ्यांनाच नकोशी असते.

तिथे चिकटून उभे राहू नका. दोघेच बोलणाऱ्या जोडीत कुणी शिरत नाही. वीस मिनिटं वेगळे, मग एकत्र. एक खूण ठरवा, उदाहरणार्थ 'पाणी आणू का?' म्हणजे 'मला इथून सोडव'. निघायची वेळ घरूनच ठरवा आणि थांबावंसं वाटलं तरी पहिल्या खेपेला पाळा. परतीच्या वाटेवर 'मी काय मूर्खासारखं बोललो' याची उजळणी दुसऱ्या दिवसावर ढकला. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की पहिल्या गप्पांनंतर समोरच्याला आपण जितके आवडलेले असतो, त्याहून कमी आवडलो असं आपल्याला वाटतं.

मैत्रीचं गणित मात्र कोरडं आहे. जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास लागले, मित्र म्हणवायला ९०, आणि जवळचा व्हायला २०० हून अधिक. महिन्यातून एकदा तीन तास भेटलात तर ५० तासांना दीड वर्षाच्या आसपास लागतं, तेवढ्यात ओळख विझते. आठवड्याला दोन तास म्हणजे सहा महिने. म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या वारी होणारी एक गोष्ट धरा: गाण्याचा वर्ग, बॅडमिंटन, वाचनगट, काहीही. सोबत काम करण्यात गेलेले तास फारसे मोजले जात नाहीत, हेही त्यातच दिसलं. ऑफिसातल्या माणसाला ऑफिसाबाहेर भेटावं लागतं.

एक वर्ग दोघांचा, एक एकट्याचा असं करा. सगळं जोडीनेच केलं की तुमच्यातला कमी बोलणारा कायम मागे राहतो. घरी बोलावताना दोनच पाहुणे, अडीच तास, आणि हाताला काही काम: पत्ते, कोडं, झाडांच्या कुंड्या बदलणं. 'कधीतरी या' म्हणू नका. 'येत्या रविवारी चार ते साडेसहा, जमेल का?' असं विचारा. नाही म्हणाले तर आणखी एकदा, महिन्याने, मग सोडून द्या. समलिंगी जोडप्यांच्या गटातही जा. तिथे पहारा द्यावा लागत नाही, म्हणून पहिल्या तासातच थकवा उतरतो. पण तेवढ्यावरच थांबू नका, गट फुटले की सगळं एकदम जातं.

दोघेजण

कागद झाला. नाव चालेल, पेशा चालेल, शाळा नाही, राहण्याचा भाग विचारून, फोटो नाही. संमेलनाला तो येतोय, कॅमेरा त्याच्याकडे. एकच राहिलं: माझ्या फोनच्या वॉलपेपरवर त्याचा फोटो आहे, मला तो काढायचा नाहीये.

नीरक्षीर

काढू नका. लॉकस्क्रीनवरचा आतल्या स्क्रीनवर घ्या आणि बाहेर दोघांनी मिळून जोडलेल्या एखाद्या वस्तूचा लावा. कुणी विचारलं तर कपाटाचं वाक्य तयारच आहे.