मनी माजावर आलीय, रात्रभर ओरडते, काय करू?

पेठेतली_मनी: आम्ही शिवाजी पेठेत राहतो, जुनं कौलारू घर. मनी सात महिन्यांची. परवा ओरडायला लागली तेव्हा वाटलं, पोटात दुखतंय. फरशीवर लोळते, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर, शेपूट एका बाजूला आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवत राहते. कौलांवर दोन बोके ठाण मांडून बसलेत. सासूबाईंचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांच्या डोळ्याला डोळा नाही. शेजारचे म्हणतात अंगावर पाणी मारा. माझा हात धजत नाही, त्यात तिचा काय दोष? एकानं माणसांची झोपेची गोळी पाव तुकडा द्या म्हणून सांगितलंय. देऊ का?

राजारामपुरीची_मावशी: गोळी अजिबात नको गं! माणसांचं कुठलंच औषध मनानं देऊ नकोस, पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा मांजराच्या जिवावर बेततो.
माज साधारण आठवडाभर राहतो. मांजरीचं बीज बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं, त्यामुळे बोका लागला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा हेच. तोवर रात्री नऊला दोरीला पीस बांधून तिला दमेपर्यंत पळव, मग पोटभर जेवण. कोमट पाण्याची बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेव, आमची तिला बिलगून झोपायची. मातीचा डबा रोज साफ कर. आणि खिडक्या बंद! मच्छरदाणीच्या जाळीवर विसंबू नकोस. आमची जाळी फाडून गेली, नऊ आठवड्यांनी साड्यांच्या कपाटात चार पिल्लं.

फुलेवाडी_७: माज थांबवायचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नाही म्हणा, ताई. आमच्या सुंदरीला दोनदा दिलं. पुढं ती पाण्याच्या भांड्यापासून हलेना, दिवसात तीनदा भांडं रिकामं. गर्भाशयात पू झाला होता. वाचली नाही. नसबंदीचं ऑपरेशनच करून घ्या, ते पाच-सहा महिन्यांतच करायचं असतं हे मला फार उशिरा कळलं.

राजारामपुरीची_मावशी: खरंय. फक्त माजात रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून बरेच डॉक्टर माज उतरल्यावर करतात. विचारून घे.

पेठेतली_मनी: काल पीस आणि बाटली दोन्ही केलं. साडेअकरा ते तीन गप्प होती. तीनला उठून बघते तर सासूबाईंनी तिला आपल्या पायाशी घेतलेलं, वर शाल. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी बोलावलंय. मावशी, ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून तुम्ही काय केलं होतं?