लढाई चालू असताना मोर्चा? त्या पोस्टला उत्तर

तापीकाठ
काल इथे कुणीतरी लिहिलं, "सीमेवर पोरं मरत असताना राजधानीत पाट्या घेऊन उभं राहणं म्हणजे शत्रूचं काम सोपं करणं. चोर लढाईनंतर धरा." उदाहरण युक्रेनचं, तेही अर्धवट. म्हणून पूर्ण लिहितो.

22 जुलै 2025, युक्रेनची संसद. विधेयक क्रमांक 12414, मुळात युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या तपासाचं. त्याच्या पोटात ऐन वेळी कलमं घुसडली. नाबू म्हणजे तिथली स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी तपास यंत्रणा, तिची फाइल महाअभियोक्त्याने मागवायची, दुसऱ्या यंत्रणेकडे वळवायची. 263 मतं पडली आणि झेलेन्स्कींची सही त्याच दिवशी. मार्शल लॉमध्ये सभाबंदी असते, तरी कीव्ह, ल्विव्ह, ओडेसात लोक पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन उतरले. कीव्हमध्ये मध्यरात्री कर्फ्यू लागतो, त्याआधी पांगले. 31 जुलैला संसदेने 331 विरुद्ध शून्य मतांनी नाबूचे अधिकार परत दिले. या नऊ दिवसांत कुठला खंदक पडला, सांगा.

भुसावळ जंक्शन
काय भो, एका बाजूचंच बोलून राह्यला. आदल्या दिवशी, 21 ला, त्यांच्याच सुरक्षा यंत्रणेने नाबूच्या लोकांवर छापे टाकले होते. रशियाशी संधान असल्याचा संशय होता. तपास यंत्रणेतच हेर असेल तर काय, पाट्या वाचत बसायचं?

अमळनेर कोर्ट
हेर असेल तर हेराला धरा, अख्ख्या संस्थेचा गळा कशाला? 31 जुलैच्या कायद्यात गोपनीय कागद हाताळणाऱ्यांची पॉलिग्राफ चाचणी ठेवली आहेच. तेवढ्याने भागत होतं.

आणि "नंतर धरा" म्हणणाऱ्यांनी अंड्यांचा हिशेब बघावा. जानेवारी 2023 मध्ये सैन्याच्या करारात एक अंडं 17 रिव्नियाला, कीव्हच्या दुकानात 7 ला. पत्रकारांनी छापलं, संरक्षण उपमंत्री गेले. नंतर थांबला असता तर तोवर कंत्राटदार मालामाल आणि सैनिक उपाशी.

साक्री रोड
तिकडची अंडी मोजताय, इकडचं बघा. आपली एसीबी, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, गृहखात्याखाली. नाबूसारखी वेगळी चूल नाही आणि फक्त भ्रष्टाचाराचं वेगळं कोर्टही नाही, तिथे ते 2019 पासून आहे. जळगावचा घरकुल घोटाळा आठवतो? गुन्हा 2006 चा, निकाल 2019 ला, तोही धुळ्याच्या कोर्टात.

भुसावळ जंक्शन
झालं, घरकुल आलं. एसीबीच्या 1064 वर फोन लावा ना, सापळा लागतो.

अमळनेर कोर्ट
सापळा कुणावर लागतो? आधी रेकॉर्डर देऊन मागणीची पडताळणी, मग दोन सरकारी पंच, नोटांना फिनॉल्फ्थॅलीन पावडर, हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की गुलाबी. पाणी गुलाबी झालं म्हणजे शिक्षा झाली, असं वाटतं लोकांना. तसं नसतं. मागणी सिद्ध व्हावी लागते. रेकॉर्डिंग अस्पष्ट, त्यात तक्रारदार फितूर झाला की आरोपी सुटलाच. डिसेंबर 2022 मध्ये घटनापीठाने म्हटलं की तक्रारदार फितूर झाला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, पण तो इतर पुरावा गोळा कोण करतं?

आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं 17अ कलम वाचा, 2018 ची दुरुस्ती. अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी. ती द्यायला तीन महिने, वर एक. रंगेहाथ पकडायला मात्र परवानगी नको. म्हणून तलाठी जाळ्यात आणि टेंडरवाला कुंपणाबाहेर.

साक्री रोड
तलाठी नाही, आता ग्राम महसूल अधिकारी. दर तोच.

भुसावळ जंक्शन
तुम्ही लोक युद्धावरून तलाठ्यावर आलात! मुद्दा साधा होता, लढाईत नेत्याला कमकुवत करू नये.

तापीकाठ
मग नोव्हेंबर 2025 बघा. नाबूच्या तपासातला आरोप असा की सरकारी अणुवीज कंपनी एनर्गोअ‍ॅटमच्या ठेकेदारांकडून 10 ते 15 टक्के घेतले जात, नाहीतर बिलं अडायची. त्या कामांत क्षेपणास्त्रांपासून वीज केंद्रं वाचवण्याची बांधकामंही होती. दोन मंत्री गेले, 28 नोव्हेंबरला झेलेन्स्कींचे कार्यालयप्रमुख येरमाक यांनीही राजीनामा दिला. जुलैतला कायदा टिकला असता तर ही फाइल कुणाच्या टेबलावर गेली असती? आता सांगा, कमकुवत कशाने झालं असतं.

भुसावळ जंक्शन
बरं, वीज केंद्रांचं मान्य. तेवढंच. मोर्च्यांचे व्हिडिओ रशियाच्या चॅनेलांना आयते मिळाले असते, यावर कुणी बोललं नाही.

साक्री रोड
त्यांना लोडशेडिंगचेही चालतात.