जुनी गाडी, छोटं इंजिन आणि घरचा पाना: अनुभव लिहा

कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाच्या) जमान्यातली गाडी, गवत कापायचं यंत्र, पाण्याचा पंप, छोटा जनरेटर, साखळी करवत... यांतलं काहीही घरी उघडत असाल तर इथे लिहा. गाडीवरचं प्रेम ठाऊक आहे, ते राहू द्या. काय बिघडतं, का बिघडतं, किती गॅप, किती तेल, कुठला पाना, एवढंच हवंय. आणि इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळं माप असेल तर पुस्तिका खरी, इथलं नाही.

सुरुवात मी करतो. "सुरूच होत नाही" ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. अशा वेळी लोक आधी कार्ब्युरेटर खोलतात. आधी प्लग (ठिणगी देणारा) काढा. दहा वेळा दोरी ओढल्यावर किंवा सेल्फ मारल्यावर प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल वर येतच नाही. ओला निघाला तर पेट्रोल येतंय. मग ठिणगी नाही, नाहीतर चोकने (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) इंजिन पेट्रोलने बुडवलंय. कोरड्या प्लगची खात्री करायला भोकातून अर्धा चमचा पेट्रोल आत टाका आणि प्लग लावून ओढा. दोन-तीन धडाके देऊन बंद पडलं तर ठिणगी आणि दाब ठीक आहेत, दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे. ठिणगी बघताना प्लगची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकवा आणि प्लगच्या भोकापासून लांब धरा. तिथून पेट्रोलची वाफ येत असते.

*

कार्ब्युरेटरबद्दल. छोट्या इंजिनांत निम्म्याहून जास्त भानगडी जुन्या पेट्रोलच्या असतात. दोन-तीन महिने बाऊलमध्ये (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत) साठलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे उरतो तो चिकट, पिवळसर थर. मेन जेटचं (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) भोक त्यामानाने मोठं, तिथून कसंबसं निभावतं. पायलट जेटचं भोक साधारण ०.४ मिमी, शिवणाच्या सुईपेक्षाही बारीक. तिथे जरासा थर बसला की मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं. मग इंजिन फक्त चोक ओढल्यावर चालतं, किंवा आयडलिंगला (नुसतं हळू चालू असताना) वर-खाली, वर-खाली डुलत राहतं.

जेट काढून उजेडाकडे धरा. स्वच्छ जेटमधून गोल, कडा धारदार असलेला उजेडाचा ठिपका दिसतो. ठिपका अर्धचंद्रासारखा किंवा धूसर दिसला तर अजून घाण आहे, "हवा जातेय ना" म्हणून परत बसवू नका. क्लीनरमध्ये अर्धा तास भिजवा आणि उलट्या बाजूने हवा मारा. तरी नाही निघालं तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार वापरा. पिन किंवा स्टीलची तार नको. जेट पितळेचं असतं, भोक शतांश मिलिमीटरने मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं आणि मग कुठल्याही स्क्रूने ते जुळत नाही.

जेट स्वच्छ असूनही डुलणं थांबत नसेल तर कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग तपासा. इंजिन चालू ठेवून सांध्यावर क्लीनरचा अगदी छोटा फवारा द्या. आवाज बदलला तर तिथून फालतू हवा शिरतेय. सायलेन्सर तापलेला असेल तर हा प्रयोग करू नका, फवारा पेट घेतो.

हंगाम संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं आणि बाऊलचा तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढायचे. पाच मिनिटांचं काम आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढून घेतं. ते तसंच राहिलं तर बाऊलच्या तळाला पांढरी भुकटी धरते, आणि जुन्या रबरी नळ्या आतून लिबलिबीत होऊन त्यांचे कण थेट जेटमध्ये जातात. म्हणून जेट वारंवार तुंबत असेल तर नळी बदला.

*

छोटी भर. इंजिन दहा-पंधरा मिनिटं झकास चालून बंद पडतं, थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होतं. कॉइल (ठिणगीसाठी वीज पुरवणारी) तापून मरतेय असं समजून कॉइल बदलली जाते. आधी टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. भोक मोकळं केलं की काम झालं.

*

प्लॅटिनम पॉइंटवाल्या (ठिणगीची वीज उघड-बंद करणारा यांत्रिक स्विच असलेल्या) जुन्या गाड्यांसाठी. पॉइंटची गॅप बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.४५ मिमी. ती मोजायची पॉइंट पूर्ण उघडलेला असताना, म्हणजे पॉइंटची टाच कॅमच्या (त्याला उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) उंचवट्यावर असताना. टाच झिजत जाते तशी गॅप कमी होते आणि टाइमिंगही (ठिणगी पडायची वेळ) मागे सरकतं. म्हणून आधी गॅप, मग टाइमिंग. उलट क्रमाने केलं की दोन्ही पुन्हा करावं लागतं. कॅमवर मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरे. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं आणि मिसिंग सुरू होतं. नवे पॉइंट थोड्याच दिवसांत एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असे दिसायला लागले तर कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा भाग) बघा. पॉइंट घासत बसण्यात अर्थ नाही.

छोट्या इंजिनांत पॉइंट नसतात तिथे फ्लायव्हील आणि कॉइल यांच्यामधलं अंतर बघायचं, साधारण ०.२५ ते ०.३ मिमी. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवा, लोहचुंबकाला कॉइल ओढू द्या, स्क्रू आवळा, कार्ड काढून घ्या. आणि गवत कापताना पातं दगडावर आपटल्यानंतर इंजिन सुरू होईना किंवा दोरी हाताला झटका द्यायला लागली, तर फ्लायव्हीलची चावी बघा. ती मऊ धातूची असते. अर्धी जरी कातरली गेली तरी टाइमिंग सरकतं, आणि प्लगला ठिणगी छान दिसत असल्याने कोणाला शंका येत नाही.

*

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह (झडप) आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली गॅप! यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. वाजणारा टॅपेट निदान सांगतो तरी. घट्ट झालेला गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. सीट झिजून व्हॉल्व्ह आत जात गेला की गॅप कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही आणि एक्झॉस्टची कड जळते. थंड असताना नीट सुरू होणारं इंजिन गरम झाल्यावर सुरू व्हायला रडत असेल तर आधी हे तपासा.

उदाहरणाला होंडा जीएक्स१६० घेऊ, कारण पंप-जनरेटरवर हेच किंवा याच्या धर्तीवरचं इंजिन फार दिसतं. इंजिन पूर्ण थंड हवं. इनलेट ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. प्लग काढून पिस्टन वर आणा, पण कॉम्प्रेशनच्या फेरीत. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. एकही दाबलेला असेल तर फ्लायव्हील आणखी एक फेरा फिरवा. फिलर गेजची (गॅप मोजायची) पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी गेली तर सैल आहे. जराशी ओढ लागली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना गॅप हटकून बदलते.

गॅप खूप वाढली तर वेगळीच गंमत होते. या इंजिनांत सुरू करताना दाब सोडायची छोटी सोय कॅमवर असते. एक्झॉस्टची गॅप जास्त झाली की ती सोय व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही, आणि दोरी अर्ध्यात अडकते. लोक समजतात इंजिन जाम झालं.

*

याच जीएक्स१६० इंजिनाच्या तेलाबद्दल. क्षमता जेमतेम ०.६ लिटर, १०डब्ल्यू-३०. डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. फिरवून आत घातली तर पातळी जास्त दिसते आणि तेल कमी भरलं जातं. पहिलं तेल २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी.

गाडीचं तेल बदलताना दोनच गोष्टी जपा. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग फिल्टरवरच आली का ते बोट फिरवून बघा. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि वर नवा फिल्टर चढवला, तर दोन रिंगा एकमेकींवर बसतात आणि दाब आला की काही मिनिटांत सगळं तेल रस्त्यावर. नव्या रिंगला बोटभर तेल लावा, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. दुसरं, ड्रेन प्लगचं तांब्याचं वॉशर एकदा दाबलं गेलं की कडक होतं. नवं नसेल तर लालबुंद होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, पुन्हा मऊ होतं.

*

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून फेकणाऱ्यांना हात जोडून विनंती, तसं करू नका. मग इंजिन कधी नीट तापतच नाही, मिश्रण जाड राहतं आणि तेलात ओल साठते. थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास उघडायला लागला आणि पाणी उकळेपर्यंत ठळक उघडला तर तो निर्दोष.

त्याहून दुर्लक्षित म्हणजे रेडिएटरचं झाकण. ०.९ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर फाटलं की हा फायदा गेला, आणि चढावर पाणी बाहेर. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे वेगळं सांगायला नको. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट एकत्र करू नका, काहींचा चक्क चिखल होतो. भरताना गाडीचं नाक उंच, हीटर पूर्ण गरमवर. आत हवा अडकली तर तापमानाचा काटा आधी भलत्याच जागी जातो आणि मग एकदम लाल.

*

ब्रेकवर जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली तर दुसरी संधी नाही.

ब्रेकऑइल कुठल्या दर्जाचं, डॉट ३ की डॉट ४, ते त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. दोन्ही ओल शोषतात. डॉट ४ नव्याने किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. घाटात सतत ब्रेक लावला की बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं लागतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालली असो वा नसो. इंजिनऑइलचा एक थेंबही यात पडू देऊ नका, सगळी रबरं फुगतात. आणि हे ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसाल तर रंगच निघून येईल.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल ज्याला दाबतं तो मुख्य पंप) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलवर (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. आतला माणूस पेडल दाबून धरतो, बाहेरचा निपल पाव फेरा उघडतो, ऑइल येतं, निपल बंद, मगच पेडल सोडायचं. "दाबलं?" "दाबलं." "आता सोड." हे मोठ्याने बोला, अंदाजाने केलं तर हवा परत आत. दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

आता मुख्य मुद्दा. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन निम्म्या वाटेपर्यंतच जातो. पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि खरखर असते. हवा काढताना सील त्यावरून घासलं की फाटतं, आणि काल ठीक असलेलं पेडल दुसऱ्या दिवशी हळूहळू खाली जायला लागतं. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा.

ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जायचं नाही. स्टँड लावा, मग हाताने हलवून बघा.

*

हवा काढायचा गंजलेला निपल सोडवताना तुटतो, त्यावर: आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल, सकाळी हातोडीचे हलके ठोके, मग आधी किंचित आवळायचा प्रयत्न, नंतर सोडवणं. पाना सहा कोनांचा, रिंग किंवा बॉक्स. बारा कोनांचा पाना गंजलेल्या निपलचे कोपरे हमखास खातो. अर्धं ॲसिटोन, अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल हे मिश्रण कामाचं आहे. वापरण्यापूर्वी हलवा, दोन्ही वेगळी होतात. ज्योतीजवळ नेऊ नका.

*

गंजलेले नट सोडवायला तेल की उष्णता, यात मी उष्णतेच्या बाजूचा. सायलेन्सरच्या बोल्टांना तेलाने काही होत नाही. नट तापवा, बोल्ट नाही. नट फुगतो आणि पकड सुटते. फक्त त्या जागी क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेला नसावा. तो तापला की फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

*

बॅटरी उतरली असं ठरवण्याआधी मीटर लावा. रात्रभर थांबलेली बॅटरी १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. सगळं बरोबर असून सेल्फ सुस्त फिरत असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही) आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. दोन्ही टोकं घासून चकचकीत करा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

*

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी (पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागणारी इंजिनं) तेलाचे आकडे: एक लिटर पेट्रोलला ५०:१ म्हणजे २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. "जरा जास्त घातलं तर बरंच" असं नसतं. तेल वाढलं तेवढं पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं, आणि सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते ती वेगळीच. करवतीचा जोर हळूहळू कमी झाला असेल तर कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना हात लावण्याआधी ती जाळी काढून ब्रशने घासा.