रस्ता ओलांडायला मुलांना कसं शिकवलंत?

लेक पहिलीत गेली. 'आधी उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे' तिला बडबडगीतासारखं पाठ आहे. मान फिरवते, बघत मात्र काहीच नाही! परवा तशीच मान फिरवली आणि निघाली, रिक्षा अंगावर येत असताना. मग मी प्रश्न बदलला : "कोण येतंय ते सांग." आता "लाल बस, लांब आहे. स्कूटर, थांबूया," असं धावतं समालोचन चालतं. शाळेला उशीर होतो ते सोडा. तुम्ही काय केलंत? फसलेले प्रयोगही लिहा.

•

आमचं घर सांगलीकडे, अगदी रस्त्याला लागून. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या. पहिली ट्रॉली गेली की पोरांना वाटतं झालं, रस्ता मोकळा. पुतण्या असाच पळाला. माझ्या वडिलांनी दप्तर धरून मागे ओढला, म्हणून वाचला. तेव्हापासून आमच्याकडे एकच हाक : "शेपूट बघ!" फूटपाथ नाहीच. म्हणून उजव्या कडेने, समोरचं वाहन दिसेल असं चालायचं.

•

'शेपूट' आवडलं. आमच्या सोसायटीत धोका पार्किंगचा. गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात. मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, धाकटीला गाडीमागे उभं केलं. "छकुली कुठाय?" आरशांत दिसेचना, तर रडायलाच लागला. मागचे पांढरे दिवे लागले की गाडी मागे येते, हे मग एकदाच सांगावं लागलं.

•

आम्ही जर्मनीत. इथे आठ वर्षांखालच्या मुलांनी गाड्यांच्या रस्त्यावर सायकल चालवायची नाही. साधारण चौथीत सायकलची परीक्षा, पोलिसांसमोर : खांद्यावरून मागे बघा, हात दाखवा, मग वळा. कन्या पास झाली आणि सुट्टीत पुण्याला आली. जर्मनीत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आधी डावीकडे बघायची सवय. तसं बघून पाऊल टाकलं, तर उजवीकडून स्कूटर. आजोबांनी दंड धरला. "अगं, इथे उलटेही येतात, दोन्हीकडे बघत राहा," म्हणाले.

•

फसलेला प्रयोग माझा. पुठ्ठ्याचा सिग्नल केला, घरात महिनाभर खेळलो. लाल थांब, हिरवा चल. चौकात हिरवा लागताच चिरंजीव सुटले. तो गाड्यांचा हिरवा होता. आता पुठ्ठ्यावर चालणारा माणूस चिकटवलाय.