वर्गात मोठ्याने वाचायला घाबरणारी मुलगी

प्रश्न (पालक, सातारा)
माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. घरी ती सावकाश का होईना, पण आवडीने वाचत असे. मात्र वर्गात उभे राहून धडा वाचायची वेळ आली की तिला आवाजच फुटत नाही, आणि ‘सूर्य’सारख्या शब्दावर अडखळली की हशा पिकतो. हल्ली तर ती घरीही पुस्तक नको म्हणते. रोज अर्धा तास सक्तीने वाचायला बसवावे, असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. ते योग्य ठरेल का?

प्राथमिक शिक्षिका
ताई, सक्ती मुळीच करू नका. या वयाची मुले बहुधा जोडाक्षरांवर अडखळतात, आणि त्यांत ‘र’ सर्वांत खोडकर: ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये तिरपी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये पायाशी बसतो आणि ‘तऱ्हा’मध्ये त्याचे रूप आणखी निराळे. त्यातही रफार उच्चारायचा आधी, पण दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. तेव्हा अक्षरे ओळीने वाचणारे मूल तिथे थबकणारच.

दुसऱ्या दिवशीचा धडा आदल्या संध्याकाळी आधी तुम्ही वाचून दाखवा, मग दोघींनी मिळून वाचा आणि शेवटी तिला एकटीला वाचू द्या. ती अडली की लगेच शब्द सांगू नका. वाक्य संपेपर्यंत थांबलात, तर पुढच्या शब्दांच्या आधाराने ती पुष्कळदा स्वतःच चूक सुधारेल. वर्गशिक्षकांना भेटून, तिला वाचायचा उतारा आदल्या दिवशी सांगण्याची विनंतीही जरूर करा.

निवृत्त ग्रंथपाल
बाईंशी मी सहमत आहे, परंतु केवळ धड्याच्या तयारीने गोडी लागत नाही. घरी वाचायची पुस्तके पाठ्यपुस्तकापेक्षा सोपी असावीत. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा वाचनपातळीनुसार विनामूल्य मिळतात. तिथे पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी, मग ती पुस्तके तिला ‘लहान मुलांची’ वाटली तरी हरकत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे, पण ते तिला एवढ्यात स्वतः वाचायला जड जाईल. त्यातील गोष्टी तुम्ही वाचून दाखवाव्यात. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनानिमित्त कोणी किती पुस्तके वाचली याची चुरस लागली, तर तिला त्यापासून दूर ठेवावे, असे माझे मत आहे. अशा चुरशीत मुले पाने उलटायला शिकतात.

प्रश्नकर्ती पालक
आपणा दोघांचे आभार. आणखी एक शंका आहे. मनात आले तर ती माकडाच्या गोष्टीचे एकच पुस्तक पुन्हापुन्हा काढते, आणि ते तिला जवळजवळ पाठ झाले आहे. ते बाजूला ठेवून नवीन द्यावे का?

प्राथमिक शिक्षिका
मुळीच नको. पाठ झालेल्या मजकुरात शब्द ओळखण्याची धडपड उरत नाही, त्यामुळे विरामचिन्हांशी थांबणे आणि संवादात आवाज बदलणे तिला तिथेच जमेल. तेच पुस्तक तिला घरातील एखाद्या धाकट्या मुलाला वाचून दाखवू द्या आणि त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात राहा.